गाळायचं राहून गेलेलं द्रावण

रक्तपेशी मोजण्यात माझा हात धरणारं आमच्या कॉलेजात कोणी नव्हतं. मग माझ्या जाऊबाई तिथे नोकरीला लागल्या.

घरी त्या थोरल्या, मी धाकटी. प्रयोगशाळेत मात्र मी सीनियर! पण त्यांनी काचेवर रक्ताचा थेंब पसरून रंग चढवला, की पेशी लग्नाला निघाल्यासारख्या नटून दिसायच्या. विद्यार्थ्यांचा घोळका त्यांच्या टेबलाशी. विभागप्रमुख सरही त्यांच्या स्लाइडला ‘वा’ म्हणायचे. माझ्या स्लाइडला ‘हं’ म्हणायचे.

नव्या वर्गाला पांढऱ्या पेशींची मोजणी कोण दाखवणार, असं सरांनी विचारलं. त्यांची नजर जाऊबाईंकडे वळतेय हे बघताच मी घाईने म्हणाले, मी दाखवते, आणि तीही मोठ्या पडद्यावर.

रक्तात मिसळायचं जांभळं द्रावण मी स्वतः ताजं बनवलं. ते गाळून घ्यायला हवं होतं, पण फिल्टर पेपर होते जाऊबाईंच्या कपाटात. मागितले असते तर त्यांनी हसत दिले असते, आणि नेमकं तेच हसू मला नको होतं. द्रावण डोळ्यांना तर स्वच्छ दिसत होतं. तसंच वापरलं.

रक्त द्यायला आमच्या ह्यांना बोलावलं. स्वतःचं रक्त पडद्यावर दिसणार म्हणून ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. मी बोटाला सुई टोचली, थेंब द्रावणात मिसळला, चौकटी आखलेल्या काचेवर सोडला, काच मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि मोठा पडदा सुरू केला. जिकडेतिकडे जांभळे ठिपके! जत्रा भरावी तशी गर्दी. मुलांनी मोजले, एका मुलीने हिशेब करून आकडा वाचला. नेहमीच्या दसपट होता.

“मॅडम, इतक्या पेशी कशाने वाढतात?” तिने विचारलं.

“रक्ताच्या कर्करोगात वाढतात,” मी शिकवायच्या सवयीने सांगून टाकलं. मग ते रक्त कोणाचं, ते आठवलं.

बोटावर कापूस धरून हे स्टुलावर बसले. सासूबाईंना फोन लावून, घाबरू नकोस, असं त्यांनी अशा आवाजात सांगितलं की त्या भावजींना घेऊन हातातलं काम टाकून निघाल्या. मी पुन्हा थेंब घेतला, त्याच बाटलीतलं द्रावण घातलं, पुन्हा मोजलं. आकडा आणखी वाढला! कोण पुढे, कोण मागे, सगळं विसरून मी शेजारच्या खोलीत धावले.

“वहिनी, ह्यांना बघा हो,” एवढंच म्हणता आलं.

जाऊबाई आल्या, मायक्रोस्कोपवर वाकल्या, मग बाटली उजेडात धरून त्यांनी मला हळूच विचारलं, “गाळलं नव्हतंस?”

मी मान खाली घातली. त्यांनी द्रावण गाळलं, नवा थेंब घेतला, मोजलं. पेशी अगदी हव्या तेवढ्याच निघाल्या. बाकीचे सगळे न विरघळलेल्या रंगाचे कण होते. मला रडू फुटायचं बाकी होतं. तेवढ्यात सासूबाई धापा टाकत दारात आल्या, मागोमाग भावजी आणि सर. जाऊबाई वर्गाकडे वळल्या.

“न गाळलेलं द्रावण वापरलं की काय घोटाळा होतो, ते मॅडमनी आज मुद्दाम करून दाखवलं. आता हे जन्मात विसरू नका.”

मुलांनी टाळ्या वाजवल्या. सर मला चक्क ‘वा’ म्हणाले! मी सुटकेचा श्वास सोडला. हे मात्र स्टुलावरून उठले.

“मुद्दाम?” ते म्हणाले. “मी इथे मरणाच्या दारात बसलो होतो, आणि तू मुद्दाम?”

सासूबाईंनी तर माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आता खरं सांगावं, तर वर्गात, सरांसमोर नाक कापलं जाणार. गप्प बसावं, तर घरी मी नवऱ्याचा जीव टांगणीला लावणारी बाई. मी सरांकडे बघितलं आणि गप्प बसले.

हे अजून माझ्याशी बोलत नाहीत. घरी खरं सांगायचं, तर जाऊबाईंनी मला सावरून घेतलं हेही सांगावं लागेल, म्हणून मी ते सांगितलेलं नाही. त्यांची समजूत घालायला रोज संध्याकाळी जाऊबाई बसतात. घरात सगळे म्हणतात, काय गुणाची बाई आहे!

आणि त्या आहेतही. हेच तर सहन होत नाही.