आतली कडी

चावीवाल्याच्या लेकीने तेराव्या वर्षी बापाकडे एकच गोष्ट मागितली. खोलीच्या दाराला आतून कडी.

"कशाला?" चावीवाला म्हणाला. "आत असं काय आहे?"

"मी आहे," लेक म्हणाली.

कारण तसंच घडलं होतं. घरातली इस्त्री लेकीच्या खोलीत असायची. शिलाई मशीन, पाहुण्यांच्या गाद्या आणि चावीवाल्याचं जुन्या कुलपांचं पोतं, हा संसारही तिथेच. त्यामुळे कुणीही कधीही आत शिरायचं. परवा मामा इस्त्री घ्यायला थेट घुसला, तेव्हा लेक गालावरच्या पुळ्यांना पांढरं मलम फासून आरशासमोर उभी होती. मामा ठसका लागेपर्यंत हसला आणि लेक दोन दिवस कुणाशी बोलली नाही.

वर्षभरात तिचं सगळंच बदललं होतं. पायजमे घोट्यांच्या वर चढले होते. खांदे पुढे पाडून चालायची, म्हणजे आपण वाढलोय हे कुणाला दिसू नये. रडायला कारण लागत नव्हतं, आणि कारण विचारलं की जास्तच रडू यायचं.

"बसवून टाका कडी," तिची आई म्हणाली. "मला त्या वयात मिळाली असती तर मी माणसांशी जरा गोड वागले असते."

चावीवाला हो म्हणाला खरा, पण त्याच्या जिवाला घोर लागला. अख्ख्या गावाची अडलेली दारं उघडायची, आणि आपल्याच घरात आपल्याला न उघडणारं दार? त्यात पोरीला आत चक्कर आली, काही झालं, तर? काळजी खोटी नव्हती. पण तिच्यात थोडा हट्टही मिसळलेला होता, हे मान्य करायला हवं.

म्हणून त्याने शक्कल लढवली. दाराच्या बाहेरून एक खोटा स्क्रू बसवला. तो काढला की बारीक भोक. भोकातून तार घातली की कडी बाहेरून सरकणार. तार अडकावी म्हणून त्याने कडीच्या दांड्याला कानशीने खाच पाडली, वर भक्कम पत्र्याचं झाकण बसवलं, आणि ही गोष्ट बायकोलासुद्धा सांगितली नाही.

दुपारी लेक शाळेत, बायको कामावर. आत जाऊन त्याने कडी लावून पाहिली. झकास लागली. उघडायला गेला तर कडीची मूठ हातात आली. खाच नको तिथे पडली होती, आणि दांडा पत्र्याच्या झाकणाखाली अडकून बसला होता.

हत्यारांची पिशवी बाहेर. फोन बाहेर, स्टुलावर. खिडकीला गज होते, तेही त्यानेच बसवलेले. चोराला हलणार नाहीत असं त्याने शेजाऱ्यापाजाऱ्यांना अनेकदा ऐकवलं होतं. आज त्याने ते स्वतः हलवून पाहिले आणि आपण खरं बोलत होतो याची खात्री पटली.

मग तो पलंगावर बसला. दोन तास. या खोलीत तो रोज चारदा यायचा, पण बसला कधीच नव्हता. आता दिसलं की खोलीत सगळ्यांचं सगळं आहे आणि लेकीचं म्हणावं असं जेमतेम अर्धं फळकूट. फळकुटावर मलमाची ट्यूब, आणि चिमुकलं कुलूप लावलेली एक वही. असलं कुलूप तो झोपेतही उघडू शकला असता. त्याचा हात वहीपर्यंत गेला. समोर आरसा होता. आरशात दिसलेला माणूस काही त्याला आवडला नाही. हात मागे आला.

चारला लेक परतली. बाहेर फोन वाजत होता, तिने घेतला.

"बाबा कुठायत?" पलीकडचं गिऱ्हाईक ओरडलं. "मी तासाभरापासून घराबाहेर अडकलोय. चावी आत राहिलीय."

"बाबा?" लेकीने हाक मारली.

"आत आहे," दारामागून आवाज आला. "कडीची मूठ तुटली. अडकलोय."

"काका, तेही अडकलेत," लेक फोनवर म्हणाली. "पण ते आत."

"मग मी समोरच्या चावीवाल्याला बोलावतो."

"त्याला नको," बाप आतून कळवळला. "येतो म्हणावं, अर्ध्या तासात येतो."

लेकीने फोन ठेवला. "येणार कसे? कडी तर आतून आहे."

आता बोलावंच लागणार होतं. चावीवाल्याने घसा खाकरला.

"वरून तिसरा स्क्रू आहे ना, तो फिरव. निघेल. आत भोक आहे. त्यातून तार घालून डावीकडे ओढ."

बाहेर स्क्रू फिरल्याची किरकिर झाली.

"म्हणजे ही बाहेरून उघडते," लेक म्हणाली. आवाज पार उतरला होता.

"उघडते. चुकलं माझं. मला भीती वाटली, तुला काही झालं तर मी बाहेरच राहीन."

"मग तसं सांगायचं ना. आणि माझी वही?"

"नाही उघडली. हात गेला होता. मागे घेतला."

"तार कुठाय?" लेकीने विचारलं.

"माझ्या खिशात," बाप म्हणाला, आणि दारापलीकडे लेकीला हसू फुटलं. तिने केसातली पिन काढली. दोनदा घसरली, तिसऱ्यांदा कडी टक्‌कन सरकली.

पण दार उघडलं नाही. त्याऐवजी ते हळूच वाजलं.

"बाबा, येऊ का आत?"

तेरा वर्षांत त्या दारावर पहिल्यांदाच कुणी टकटक केली होती. चावीवाल्याने डोळे पुसले. "ये," तो म्हणाला.

गिऱ्हाइकाचं दार उघडून येताना त्याने नवी कडी आणली. भोक लाकडाच्या लगद्याने बुजवून ती बसवली, कुलपांचं पोतं बाहेर काढलं. इस्त्री मात्र राहून गेली. सकाळी चुरगळलेला शर्ट घेऊन तो दारापाशी आला आणि हात वर करून तसाच थांबला. जन्मभर दारं उघडलेल्या माणसाला दार वाजवायचं कसं, किती वेळा, हेच ठाऊक नव्हतं. शेवटी त्याने एकदाच वाजवलं.

"पाच मिनिटं थांबा," लेक आतून म्हणाली.

तो थांबला. पाचाची दहा झाली. अंगठा नुसता टेकला, तर दार बोटभर आत गेलं. त्याने ते घाईने पुन्हा ओढून घेतलं आणि शर्ट खांद्यावर टाकून उभा राहिला. नवी कडी तिने लावलीच नव्हती.