मिस्त्रीचा हात

बाळांनो, एका जंगलात रावजी नावाचं अस्वल राहत असे. जंगल आपलं नेहमीचंच, झाडं कमी आणि गाड्या जास्त.

रावजीकडेही एक गाडी होती. चालू केली की ती "चींऽऽ" असा आवाज करी. इंजिनातला पंख्याचा पट्टा झिजला होता, दुसरं काही नाही. पण त्या आवाजाची सगळ्यांना सवय झाली होती. गाडी वळणावर किंचाळली की ससे रस्त्याच्या कडेला होत आणि रावजीची बायको हिरा चहाचं आधण ठेवी.

रावजी मधखात्यात कारकून होता. स्वभावाने अगदी गरीब. घरात नळ गळला, फ्यूज उडाला, खुर्चीचा पाय डुगडुगला, की तो उठायच्या आत हिरा म्हणे, "तुम्ही हात लावू नका. मिस्त्रीला बोलवा." हे ऐकून ऐकून आपले पंजे फक्त मध चाटायच्या कामाचे आहेत, असं त्यालाही वाटू लागलं होतं. एकदा तरी बायकोने "जमलं हो तुम्हाला" म्हणावं, एवढीच त्याची इच्छा होती. इच्छा तशी लहान होती, पण लग्नाला बावीस वर्षं झाली होती.

घाटापलीकडे हिराच्या बहिणीकडे बारसं होतं. त्याच्या आधीच्या रविवारी रावजीने गुपचूप नवा पट्टा आणला आणि बॉनेट उघडलं.

आता, उघडं बॉनेट पाहून आपल्या वाटेने निघून जाईल असा प्राणी कुठल्याच जंगलात अजून जन्मलेला नाही. पाच मिनिटांत गर्दी झाली.

"हा पाना नाही चालायचा," तरस म्हणालं. त्याच्याकडे सायकलही नव्हती.

"बॅटरीची वायर काढलीत का?" सांबराने विचारलं. रावजीने ती कधीच काढून ठेवली होती.

जुना पट्टा बाहेर निघाला. त्याला आडव्या भेगा पडल्या होत्या आणि एक कड तर सुटून लोंबत होती. रानगव्याने तो उलटसुलट करून पाहिला. "कशाला काढलात?" तो म्हणाला. "याच्यावर अजून दोन वर्षं आरामात निघाली असती."

रावजीने नवा पट्टा चढवला, डायनॅमो रेटून त्याला ताण दिला, बोल्ट आवळला आणि अंगठ्याने पट्टा दाबून पाहिला. जेवढा दबायला हवा तेवढाच तो दबत होता. मग वायर जोडून त्याने किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली आणि आवाज आला नाही. रावजीच्या डोळ्यांत पाणी आलं.

हिरा धावत बाहेर आली. "काय मोडलंत?"

"मोडलं नाही काही. पट्टा बदलला."

"मग आवाज कुठे गेला?"

"अगं, तो जायलाच हवा होता."

"एवढ्या वर्षांचा आवाज असा एकाएकी बंद होतो का? आतलं काहीतरी तुटलंय. मी या गाडीतून घाट चढणार नाही. मिस्त्रीला बोलवा."

गर्दीने माना डोलावल्या.

मुंगूस मिस्त्री आला. त्याने बॉनेटखाली डोकं घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलं नाही. मग म्हणाला, "वहिनी, साहेबांनी काम एकदम बरोबर केलंय. मला करण्यासारखं काही नाही."

"असं कसं नाही?" हिरा म्हणाली. "आलाच आहात तर एकदा हात तरी लावा."

मुंगूस धंद्यात मुरलेला होता. त्याने खांद्यावरच्या फडक्याने बॅटरी पुसली, पान्याने इंजिनावर दोनदा टकटक केलं आणि बॉनेट आपटून बंद केलं.

"आता बिनधास्त जा," तो म्हणाला.

बारशाच्या दिवशी गाडी घाट चढू लागली. हिरा पुढच्या सीटवर मांडी घालून बसली होती. "बघा," ती म्हणाली, "मिस्त्रीचा हात लागला की कशी लोण्यासारखी चालते."

रावजीला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पहिल्या वळणापासून तिसऱ्या वळणापर्यंत तो इंजिनाकडे कान देऊन बसला. आणि बाळांनो, खरं सांगायचं तर त्यालाही गाडी रविवारपेक्षा जरा हलकी चालल्यासारखी वाटली.

तात्पर्य: आपली गाडी आपणच दुरुस्त करावी, आणि मिस्त्रीने केली असं घरी सांगावं. मात्र हे स्वतःलाही सांगायला विसरू नये.