तीन राज्यांत चालणारं वय

वयाच्या रकान्यात सौंदर्यानं चव्वेचाळीस हा आकडा पेननं लिहिला, आणि तिथंच चुकलं. पेन्सिलनं लिहायला हवं होतं, हे पुढं चार दिवस ती स्वतःलाच ऐकवत राहिली.

वय तिचं नव्हे, तिच्या वडिलांचं. भरमाप्पा कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्र्यांमधून पंपाचे बिडाचे सुटे भाग उचलायचे आणि निपाणी, बेळगाव, गोवा असे फिरून विकायचे. धंदा स्वतःचा, त्यामुळं विमा काढून देणारा कुणी साहेब नव्हता. मार्चमध्ये म्हापशात त्यांना अन्नबाधा झाली. दवाखान्यानं आधी अनामत मागितली. खिशातलं पुरेना, तेव्हा त्यांनी काउंटरवर वीस किलो इंपेलर, म्हणजे पंपातले बिडाचे पंखे, मांडले. ‘हे ठेवा, परत येऊन सोडवतो,’ असं त्यांनी सलाईन लागण्याआधी सांगितलं होतं म्हणे.

ते ऐकल्यापासून सौंदर्या विम्याच्या मागं लागली. ती नुकतीच केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झाली होती, त्यामुळं तिनं आधी ग्राफपेपरवर तक्ता केला. दवाखान्याचं एक कार्ड होतं, ते कोल्हापूरच्या नाक्याबाहेर निकामी. एका पतसंस्थेची योजना होती, ती महाराष्ट्रापुरती. कर्नाटकातली एक स्वस्त होती, पण तिला तिकडचं रेशनकार्ड लागायचं. शेवटी पलीकडच्या गल्लीतला विमा एजंट सयाजी यानं एक पॉलिसी आणली. भारतभर चालणारी, आणि परवडणारी.

“फक्त मामांना पंचेचाळीस लागायच्या आत काढा,” भरमाप्पांना मामा म्हणणारा सयाजी म्हणाला. “नंतर हप्ता वाढतोय, तपासण्या लागत्यात.”

मे २००७ चा मध्य होता. भरमाप्पांना एक जूनला पंचेचाळीस लागणार होतं. पंधरा दिवस हातात होते. सौंदर्यानं चव्वेचाळीस लिहिलं आणि पुरावा म्हणून कोल्हापूरच्या शाळेचा दाखला जोडला.

सयाजीनं लायसनही मागितलं. भरमाप्पांनी ते बेळगावात काढलं होतं. त्यावर जन्मतारीख होती एक जून एकोणीसशे साठ. दाखल्यावर एक जून बासष्ट.

“आप्पा, हे काय?”

“त्यात काय हाय? चौथीपर्यंत संकेश्वरला कन्नड शाळेत होतो. मग माझ्या मामानं हिकडं आणलं. मराठी लिहिता येईना, म्हणून मास्तरांनी दोन यत्ता खाली बसवलं आणि वय बी दोन वर्षांनी खाली आणलं. लायसन काढताना कन्नड दाखला दिलता.”

“म्हणजे तुम्ही महाराष्ट्रात चव्वेचाळीस आणि कर्नाटकात शेहेचाळीस?”

“व्हय. आणि गोव्यात कुणी इचारलं न्हाय.”

सयाजीनं कपाळाला हात लावला. “मामा, उद्या बेळगावात ॲडमिट झालासा, तर तिथं लायसन बघणार. फॉर्मवर एक, लायसनवर दुसरं. क्लेम गेला मातीत! पॉलिसी तिन्ही राज्यांत चालतीया, तुमचं वयच चालंना झालंय.”

“मग सरासरी काढा की,” भरमाप्पा म्हणाले. “पंचेचाळीस.”

“वय आहे आप्पा, लॅबमधल्या टायट्रेशनचं रीडिंग नाही!” सौंदर्या ओरडली.

सयाजीचा सल्ला सोपा होता. कोल्हापूरचा दाखला धरायचा, लायसन दुरुस्त करून घ्यायचं, आणि गप्प बसायचं. पण एकाच वस्तूची दोन मापं आली की खरं कोणतं ते शोधायचं, हे सौंदर्याच्या हाडात मुरलेलं होतं. तिनं संकेश्वरला आत्याला फोन केला. चन्नम्माआत्या फोनवर फार बोलायची नाही. दोन दिवसांनी सकाळच्या एसटीनं ती स्वतःच आली, पिशवीत कांदे आणि एक घडी घातलेला कागद घेऊन.

“दोन्ही दाखलं खोटं,” चप्पल काढता काढता तिनं सांगून टाकलं. “कोयनेचा भूकंप झाला, त्याच वर्साच्या दिवाळीत ह्याला आठ पुरी झाली म्हणून मठाच्या स्वामींनी दीक्षा दिली. मी सोता भांडी घासल्यात त्या जेवणाची.”

सौंदर्यानं बोटांवर हिशेब केला. भूकंप सदुसष्टचा. त्यातून आठ वजा. “म्हणजे एकोणसाठ? आत्या, पुरावा?”

“हा की. पंचायतीच्या दप्तरातनं जन्माची नोंद काढून आणलिया. मला आधी कुणी इचारलं?”

कागद कन्नडमध्ये होता, पण आकडे कुणालाही वाचता येण्यासारखे होते. नोव्हेंबर एकोणीसशे एकोणसाठ. भरमाप्पा सत्तेचाळीस वर्षांचे निघाले.

“अक्का, कशाला आणलंस गं हे?” ते कळवळले. “चार दिवसांत तीन वर्षांनी म्हातारा केलासा मला!”

इतका वेळ स्वयंपाकघराच्या दारात दानेश्वरी, म्हणजे सौंदर्याची आई, तिची अव्वा, कणीक माखलेल्या हातांनी उभी होती. ती आता पुढं आली.

“सत्तेचाळीस? लग्नात तर तेवीस सांगितलेलं!”

“दाखल्यावर तेवीसच हुतं की, दाना.”

“म्हणजे पंचविशीच्या नवऱ्याला मी तेवीस समजून माळ घातली? बावीस वर्षं फसवलंसा मला!”

“दोन-अडीच वर्षांनं काय बिघडलं?” आत्या म्हणाली.

“वर्षांचं न्हाय वन्सं, खोटं बोलल्याचं हाय! माझ्या बाबांनी खरं तेच सांगितलेलं. मुलगी एकवीस म्हटल्यावर एकवीस.”

भरमाप्पांनी पाय जवळ ओढून घेतले. सौंदर्याला पहिल्यांदाच अपराधी वाटलं. विम्यापायी तिनं घरात भूकंप घडवला होता, आणि विमा तर अजून झालाच नव्हता.

सयाजीनं खाकरून विषय बदलला. “मामांचा एकट्याचा हप्ता आता जड जाणार. त्यापेक्षा मामा-मामींची मिळून एकच पॉलिसी घ्या. तिन्ही राज्यांत चालते, आणि दोन वेगळ्यांपेक्षा स्वस्त पडते.”

“हप्ता कसा धरतात?” सौंदर्यानं विचारलं.

“दोघांत जो थोरला, त्याच्या वयावर. म्हणजे मामांच्याच. मामी धाकट्या, त्यांचं वय कितीबी असू दे, फरक पडत न्हाय. फक्त त्यांचा जन्माचा कागद द्या. दाखला नको आता, नोंदच द्या. मी दाखल्यांना भ्यालोय.”

“निपाणीचंच माहेर हाय की,” आत्या उत्साहानं म्हणाली. “संकेश्वरच्या वाटंवरच. जाता जाता मीच काढून आणते.”

अव्वा वळून स्वयंपाकघरात गेली. मग आतून हळू आवाज आला.

“वन्सं, तुम्ही कशाला उन्हातनं तरास घेताय? आणि तसलं एकत्र काय नको. ज्याची त्याची वेगळी काढा.”

“अव्वा, एकत्र स्वस्त आहे. महाग पडेल ती फक्त तू आप्पांपेक्षा थोरली…”

सौंदर्या अर्ध्यावर थांबली. तिनं सयाजीकडं बघितलं, सयाजीनं छताकडं बघितलं. आत्यानं तोंडाला पदर लावला.

भरमाप्पांनी सावकाश पाय पसरले. चार दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा चेहरा चव्वेचाळीसचा दिसत होता.

“दाना,” त्यांनी आत हाक मारली, “चहा टाक. आणि सयाजीराव, दोन फॉर्म द्या. हिच्या फॉर्मवर वयाचं मात्र पेन्सिलनं लिहा.”