दरडोई उत्सर्जन

उत्तमराव दहावीला दोनदा बसले आणि दोन्ही वेळा विज्ञानात आपटले, पण त्यातला एक धडा डोक्यात पक्का बसला होता. नेमका तोच नडला.

झालं असं, की शेजारचे सायकलवाले गफ्फारभाई पंचायतीवरचा बॅनर वाचून तडक त्यांच्या ओट्यावर येऊन टेकले.

"उत्तमभाऊ, उद्या दिल्लीच्या मॅडम येऊन राह्यल्या. हवेबद्दल सरकारनं परदेशात काय बोलायचं, थे म्हणे आपल्याले इचारून ठरवनार. पन थे दरडोई उत्सर्जन काय भानगड हाये?"

उत्तमरावांनी घसा साफ केला. (गावात त्यांना कुणी काही विचारत नसे, घरात तर नाहीच.) "उत्सर्जन म्हंजे खाल्लेलं बाहेर टाकनं. दरडोई म्हंजे मानसागणिक. सरळ हाये, संडास तपासनार!"

आता त्यांच्या घरी सरकारी अनुदानाचा संडास होता, पण त्यात कापूस होता. 'अळी लागतच नाही' म्हणून विकलेल्या बियाण्याचा अळीनं फडशा पाडल्यावर उरलंसुरलं त्यांच्या बायकोनं, गोजरबाईनं, वेचलं होतं. घरात ठेवलं तर अंगाला खाज सुटते, म्हणून भाव येईपर्यंत तिथं ठासलं होतं. लेक जयमाला पहिल्या बाळंतपणाला येणार होती, तिचं सगळं याच कापसावर होतं.

"कापूस अंगणात काढू," उत्तमराव म्हणाले. "संडास भरेल दिसला तं मले बोलू देतीन का?"

त्यांना मॅडमना एकच विचारायचं होतं: आमचा कापूस घरात पडून असताना परदेशातून कापूस काऊन आणता? संध्याकाळी त्यांनी हा प्रश्न म्हशीला दोनदा विचारूनही पाहिला. तिनं हरकत घेतली नाही.

"आभाळ पाह्यलं का?" गोजरबाई म्हणाली.

"आता कुठचं पानी वं? येडी झाली का?"

दुसऱ्या दिवशी शाळेच्या पत्र्याखाली मॅडमनी विचारलं, "दरडोई उत्सर्जन कमी करायला तुम्ही काय कराल?" बायांनी तोंडाला पदर लावले, बाप्ये जमिनीकडे पाहू लागले. उत्तमराव उठले.

"मॅडम, गरिबाचं उत्सर्जन आंधीच कमी हाये. पोटात काई जाईन, तवा बाहेर येईन ना! जे दिवसभर खाऊन राह्यले, त्याइले सांगा."

"वा!" मॅडम ताडकन उभ्या राहिल्या. "देशाची भूमिका एका वाक्यात! हे मी परदेशातल्या परिषदेत सांगणार!"

टाळ्या पडल्या. उत्तमराव फुलले. "अन् मॅडम, थो परदेशातला कापूस..."

"तो विषय दुसऱ्या खात्याचा. चहा घ्या."

चहा यायच्या आत पत्र्यावर गारा ताडताड वाजायला लागल्या. "बघा, यालाच हवामान बदल म्हणतात!" म्हणत मॅडमनी मोबाइल काढला. त्यांच्या व्हिडिओत धोतर सावरत पळणारा माणूस दिसतो, ते आपले उत्तमराव.

अंगणात कापसाचा लगदा झाला होता. ताडपत्रीचं एक टोक धरून गोजरबाई चिंब उभी होती, डोळ्यांतलं कुठलं अन् आभाळातलं कुठलं ते कळत नव्हतं.

"दुसरं टोक धराले मानूस पाह्यजे होता," ती म्हणाली. "थो देशाचं धोरण ठरवाले गेलता."

उत्तमरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. व्यापाऱ्यानं त्या कापसाला हातही लावला नाही. तो काळा पडत पुन्हा संडासात गेला आणि उत्तमराव डबा घेऊन नाल्याकडे. तिथं पहाटे गुड मॉर्निंग पथकाची शिट्टी वाजली.

"घरी संडास हाये ना? मंग इकडे काऊन?"

"साहेब, माह्यं उत्सर्जन कमी हाये. दिल्लीच्या मॅडमनं मान्य केलं!"

"कमी असो का जास्ती, थे घरी करा," म्हणत साहेबानं त्यांच्या हातात गुलाबाचं फूल दिलं. (लाजवायची पथकाची रीत होती ती.)

लग्नाला इतकी वर्षं झाली, उत्तमराव पहिल्यांदाच गुलाब घेऊन घरी आले. गोजरबाईनं तो घेतला, संडासाचं दार उघडलं आणि कुजलेल्या कापसावर वाहिला.

"चला," ती म्हणाली, "तुमची दहावी नाई झाली, याचं दहावं तं झालं."