पुरुषोत्तमचा घसा आणि अडुसष्टची जीटीओ

जुन्या गाड्यांच्या शोच्या दिवशी सकाळी पुरुषोत्तम देवस्थळी उठला तो आवाजाशिवायच. आदल्या दिवशी मराठी मंडळाच्या पिकनिकला, शेजारी ढोल-ताशाची प्रॅक्टिस चालू असताना, त्याने सलग पाच तास आपल्या १९६८च्या पॉन्टिअॅक जीटीओचं वर्णन केलं होतं. अमेरिकेतल्या डब्लिनमधल्या गराजमध्ये सहा वर्षं खपून त्याने ती गंजक्या सांगाड्यातून उभी केली होती. आणि आज परीक्षकांना तिची सगळी माहिती मालकाने तोंडी सांगायची होती.

मिठाच्या गुळण्या झाल्या, ज्येष्ठमध झालं. घशातून नुसती हवा येत होती. शेवटी त्याने सगळा इतिहास बावीस कार्डांवर लिहून काढला. निघताना काचेवर एक डाग दिसला. तो पुसायला त्याने कार्डं टपावर ठेवली आणि तशीच गाडी काढली. हायवेला लागल्यावर शेजारी बसलेल्या बायकोने, शरयूने, मागे वळून पाहिलं.

"अहो, ते पांढरं पांढरं काय उडतंय?"

पुरुषोत्तमला डोळे मिटून घ्यावेसे वाटले, पण गाडी तोच चालवत होता.

मैदानावर वॉल्टर नावाचे पांढऱ्या दाढीचे परीक्षक वही घेऊन आले. पुरुषोत्तमने तोंड उघडलं. आतून किटलीसारखी वाफ आली.

"त्यांचा घसा बसलाय," शरयू म्हणाली. "मी सांगते."

पुरुषोत्तमने तिला हातानेच थांबवायला पाहिलं. सहा वर्षं जेवताना तो गाडीबद्दल बोलायचा आणि ही नुसतं "हं" म्हणत फोनवर भाजी ऑर्डर करायची.

"चौसष्टमध्ये जीटीओ ही वेगळी गाडी नव्हतीच," शरयूने सुरुवात केली. "टेंपेस्ट नावाच्या गाडीवर जादा पैसे देऊन घ्यायचं पॅकेज होतं. मधल्या आकाराच्या गाडीत मोठं इंजिन घालायला कंपनीतच बंदी, म्हणून ही पळवाट काढली. सहासष्टला स्वतंत्र मॉडेल झालं. अडुसष्टला बॉडी बदलली आणि हा बंपर आला. बारीकसारीक ठोकर बसली तरी पुन्हा आकारात येतो. जाहिरातीत हातोडी मारून दाखवायचे."

पुरुषोत्तम तिच्याकडे बघतच राहिला.

"आणि पार्ट्स सगळे ओरिजिनल?" वॉल्टरनी खुशीत विचारलं.

"छे. इंजिनाचे फेरे दाखवणारा टॅकोमीटर नव्या बनावटीचा आहे. उजवा दरवाजा दुसऱ्या गाडीचा. मागच्या सीटचं कव्हर मी शिवलंय, सोफ्याचं कापड उरलं होतं."

पुरुषोत्तमने जोरजोरात हातवारे केले. काहीतरी सांगायचं राहिलं, असं शरयूला वाटलं.

"हां, डिकीतलं मॅट. ते माझं योगाचं आहे."

वॉल्टर लिहीत राहिले. बक्षीस एका पिवळ्या कॅमेरोला गेलं.

गाडीत बसल्यावर शरयू हळूच म्हणाली, "मी जरा जास्तच बोलले का?"

त्याने नाही अशी मान हलवली आणि तिच्या हातावर हात ठेवला. एवढं ऐकत होतीस तर कधी बोलली का नाहीस, हे त्याला विचारायचं होतं. तिने ते चेहऱ्यावरून वाचलं.

"मध्ये बोलले असते तर तुम्ही सांगायचं थांबला असता."

तेवढ्यात वॉल्टर धापा टाकत खिडकीशी आले.

"मॅडम, पुढच्या वर्षी आमच्या परीक्षक मंडळात या. एवढी माहिती आणि एवढा प्रामाणिकपणा एका माणसात सापडत नाही. फक्त एक नियम आहे. परीक्षकाच्या घरची गाडी स्पर्धेत चालत नाही."

"मग नको," शरयू लगेच म्हणाली. "सहा वर्षं लागलीत ह्यांना. पुढच्या वर्षी दरवाजा बदलून पुन्हा उतरतील."

पुरुषोत्तमने तिची बाही ओढली. दिवसभरात पहिल्यांदाच त्याच्या घशातून खरखरत दोन शब्द बाहेर पडले.

"हो म्हण."