शिवमूर्तीचं साखळी उपोषण

"चौतिसाव्या वर्षी कुणाला बीपी असतंय गं? घोरतो म्हणजे तब्येत ठणठणीत हाय!" उदगीरच्या शिवमूर्तीनं बायकोला ठणकावलं, आणि हातात चहाचा कप धरूनच त्याला डुलकी लागली.

शरणम्मानं कप काढून घेतला. झोपेत नवऱ्याचा श्वास मधेच थांबे. तो परत येईपर्यंत ती जीव मुठीत धरून आकडे मोजे. वर्षभर ती धड झोपली नव्हती. दवाखान्याचं नाव काढलं की गडी "टँकर आला वाटतं" म्हणत घागर घेऊन पसार होई, आणि दुष्काळात या सबबीला उत्तर नव्हतं.

सोमवारी नव्या जिल्ह्यासाठी कृती समितीचं साखळी उपोषण सुरू झालं. यादीत पहिलं नाव शिवमूर्तीचं! प्लास्टिकचे ड्रम विकणाऱ्या माणसाची समितीनं अखेर कदर केली, म्हणून तो फुलून गेला. नाष्ट्याला मुरमुऱ्यांचा सुशीला भरपेट खाऊन तो मांडवात बसला. "जिल्हा घेतल्याबिगर उठत न्हाई!" एवढं बोलून तो लोडावर कलंडला.

त्याच्या घोरण्यात अध्यक्ष रेवणसिद्धप्पांचं भाषण बुडालं. मग घोरणं एकदम थांबलं. शेजारच्या केरबानं नाकापुढं हात धरला.

"अप्पा, श्वास न्हाई!"

"जिल्ह्यासाठी जीव दिला!" रेवणसिद्धप्पांनी माईक जवळ ओढला. "सगळे उभं ऱ्हावा. दोन मिनिटं शांतता!"

त्या शांततेत प्रचंड फुर्रर्र झालं आणि शिवमूर्ती उठून बसला. "टँकर आला का?"

टँकर नाही, उपोषणकर्त्यांना रोज तपासणारे सरकारी डॉक्टर आले होते. त्यांनी दोनदा बीपी मोजलं.

"एकशे नव्वद! झोपेत श्वास कोंडतो, त्याचा ताण हृदयावर पडतो. तरुणांनाही हे होतं. आत्ताच लातूरला चला."

"उपाशी हाय ना, सायेब."

"कधीपासून?"

"नाष्ट्यापासून."

घोषणांच्या गजरात शिवमूर्ती, शरणम्मा आणि डॉक्टरांना घेऊन रुग्णवाहिका निघाली. शिवमूर्ती पहिल्यांदाच घाबरला होता, तरी ऐट सुटली नव्हती. "समितीनं पहिलं माझंच नाव कसं काय घेतलं?"

"म्या दिलं," शरणम्मा म्हणाली. "मांडवात डॉक्टर येतोच. चारचौघांतून तुमी पळणार कुठं?"

शिवमूर्तीनं रागवायला तोंड उघडलं. पण डॉक्टर सोबत आहेत एवढ्या भरवशावर शरणम्मा त्याच्या खांद्यावर डोकं टेकून गाढ झोपली होती. चहा पितानाही पेंगणारा शिवमूर्ती लातूर येईपर्यंत खांदा न हलवता टक्क जागा राहिला.