तेहुआ बेट रिकामे असल्याबाबत

त्या वर्षी तेहुआ बेट झोपलेलं होतं. यात विशेष काही नव्हतं. पॅसिफिक महासागराच्या मधोमध, एकमेकांपासून होडीनं अर्ध्या दिवसाच्या अंतरावर, तेहुआ आणि रारोका अशी दोन बेटं होती. दोन्ही मिळून गाव एकच होतं आणि ते एका वेळी एकाच बेटावर राहायचं. तिथले नारळ, खेकडे आणि अळू संपत आले की म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून डुकरांपर्यंत सगळं गाव होड्यांत बसून दुसऱ्या बेटावर जायचं आणि मागच्या बेटाला दोन-तीन वर्षं निवांत झोपू द्यायचं. निघताना किनाऱ्यावरच्या पहिल्या माडाला झावळी गुंडाळून गाठ मारत. त्या गाठीला राऊई म्हणत. राऊई म्हणजे इथलं काही तोडू नका, काही खणू नका, जमीन विश्रांती घेते आहे. ज्यानं गाठ मारली त्यानंच ती सोडायची, एवढाच काय तो कायदा. त्याला ना कचेरी होती ना शिपाई. त्यामुळे तो सगळे पाळत.

तेपाएरूला तेहुआची ओढ जरा जास्तच होती, कारण तिचा अळूचा खड्डा तिथं होता. प्रवाळाच्या त्या बेटावर माती म्हणून नव्हतीच, पायाला टोचणारा पांढरा खडा तेवढा. तिच्या पणजीनं तो खडा फोडत फोडत गोड्या पाण्याला हात लावला. मग पणजीनं, आजीनं, आईनं आणि पुढे तिनं स्वतः टोपल्या टोपल्या पाला कुजवून त्यात माती केली. काळी, लोण्यासारखी. गावातल्या बाकीच्या खड्ड्यांतली माती तिच्या मातीपुढे भुसा होती, असं ती म्हणायची आणि त्या खड्ड्यांच्या मालकिणी हे ऐकून घ्यायच्या. थोरली मुलगी मारेवा तेव्हा पोटुशी होती. "या खेपेला तेहुआवर गेलो की खड्डा तुझा," तेपाएरूनं तिला सांगून ठेवलं होतं.

जायची वेळ जवळ आली असतानाच तेहुआच्या बाजूला एका जहाजाच्या डोलकाठ्या दिसल्या. गावाचा म्होरक्या तौमाता बघायला निघाला. तो तेपाएरूचा चुलतभाऊ. तिनं त्याच्या होडीत न विचारता बसकण मारली. दुभाषी म्हणून आपोरोला घेतलं. व्हेल मारणाऱ्या अमेरिकी जहाजांवर त्यानं तरुणपण घालवलं होतं. त्याच्या इंग्रजीत शिव्या आणि दोरखंडांची नावं तेवढी पक्की होती. उरलेलं तो त्यातूनच जुळवून आणायचा.

तेहुआवर उतरताच तेपाएरूनं कपाळाला हात लावला. तिच्या खड्ड्यात एक काठी रोवलेली होती आणि काठीला रंगीत फडकं बांधलेलं होतं. त्या बेटावर काठी इतकी सहज रुतेल अशी मऊ जागा दुसरी कुठून असणार?

"अगं बाई! माझ्या अळवात हे कुणाचं फडकं?"

तौमातानं मात्र काठीकडे आदरानं पाहिलं. "हळू बोल. राऊई आहे ती. त्यांच्या पद्धतीची."

"फडक्याची राऊई?"

"त्यांच्याकडे झावळ्या नसतील. गाठ बघ किती नीट मारलीय. संस्कारी माणसं दिसतात."

तेवढ्यात झुडपांमागून संस्कारी माणूस बाहेर आला. त्याच्या एका हातात छोटी कुदळ होती, दुसऱ्या हातात रिकामी पिशवी. हा कप्तान एझ्रा प्रेस्कॉट. एका अमेरिकी खत कंपनीसाठी तो बेटं शोधत फिरायचा. त्याच्या मागून टटल नावाचा एक किडकिडीत कारकून छत्री धरून चालत होता.

"तुम्ही कोण?" कप्तानानं विचारलं.

"आम्ही इथले," तौमाता म्हणाला.

"इथे कोणी राहत नाही. मी सकाळपासून बघतोय."

"आत्ता नाही राहत. आत्ता ते झोपलंय."

"कोण?"

"बेट."

कप्तानानं बेटाकडे पाहिलं, मग टटलकडे पाहिलं. "म्हणजे इथे कोणी राहत नाही, हे यांनाही मान्य आहे," तो म्हणाला. टटलनं मान डोलावली.

मग कप्तानानं आपल्या देशाचा कायदा समजावून सांगितला. ज्या बेटावर पाखरांची विष्ठा आहे, माणूस नाही आणि दुसऱ्या सरकारचा हक्क नाही, ते बेट त्यांच्यातल्या कुणी आधी ताब्यात घेतलं की सरकारनं मनात आणताच ते त्यांच्या देशाचं.

"कसली म्हणाला?" तेपाएरूनं विचारलं.

"घाण, काकी. पाखरांची," आपोरो म्हणाला.

"आणि तिचं करतात काय?"

"शेतात घालतात."

"एवढा मोठा देश म्हणतोस, मग तिथली पाखरं शिटत नाहीत होय रे?"

आपोरोनं हा प्रश्न पुढे पोचवला नाही. तौमाता मात्र पाहुण्याची फसगत होऊ नये म्हणून कळवळून म्हणाला, "अहो, पण इथे घाण नाहीच. पाखरं टिकत नाहीत. आम्ही अंडी खातो."

ही बाब गंभीर होती. कप्तानानं रिकाम्या पिशवीत डोकावून पाहिलं आणि थोडा विचार केला. "अंडी कोण खातं?"

"आम्ही."

"पण तुम्ही इथे राहत नाही."

"आत्ता नाही."

"मग आत्ता अंडी खायला कोणी नाही. अंडी खायला कोणी नाही म्हणजे पाखरं आहेत. पाखरं आहेत म्हणजे विष्ठा आहे." कप्तानानं टोपी नीट केली. "ती नजरेला पडत नाही हा तिचा दोष. कायद्याचा नाही."

टटलला बेटावर ठेवून जहाज निघून गेलं. बेट ताब्यात आहे हे दिसण्यासाठी ताब्यात ठेवणारा कुणीतरी तिथं राहणं जरुरीचं होतं. त्याच्याजवळ बिस्किटांची पेटी होती. ती संपल्यावर ताबा रडायला लागला, कारण ताब्याला नारळ सोलता येत नव्हता. तेपाएरूला हे मासे पकडायला गेलेल्यांकडून कळलं. माणूस कसाही असो, आपल्या खड्ड्याशेजारी उपाशी बसलाय म्हटल्यावर ती त्याची यजमान झाली. सोललेले नारळ, भाजलेले मासे आणि अळूच्या वड्या घेऊन ती अधूनमधून होडीनं जाऊ लागली. टटल किनाऱ्यावर यायचा आणि हात वर करायचा.

"थांब! परवानगी?"

मग गुडघाभर पाण्यात उभं राहून तिनं परवानगी मागायची, त्यानं ती विचारपूर्वक द्यायची आणि मग जेवायचं. एकदा मासा जरा करपला होता, तेव्हा त्यानं परवानगी द्यायला बराच वेळ लावला.

इकडे रारोका थकलं. माडांना कोवळी शहाळी तेवढी उरली. खेकडे पोरांच्या बोटांएवढे निघू लागले. गावात जो तो तेहुआकडे बघत बसायचा, पण तौमाता हलेना.

"फडकं अजून तिथंच आहे," तो म्हणायचा. "ज्यानं गाठ मारली त्यानंच सोडायची."

"दादा, त्या माणसाला गाठीचा अर्थ तरी ठाऊक आहे का?"

"आपल्याला आहे ना? मग झालं."

"आणि मारेवाच्या पोरानं काय ते फडकं उकडून खायचं?"

तौमातानं आपल्या वाटचा मासा मारेवाकडे धाडला. पण निघाला नाही.

अखेर कप्तान परत आला. तौमाता, तेपाएरू आणि आपोरो गाठ सोडायची विनंती करायला त्याच्यासमोर जाऊन बसले. आपोरोनं रारोकाची दैना सांगितली. कप्तानाचे डोळे खरोखर ओले झाले. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या देशात वाईट माणसांना इतक्या लांब पाठवतच नसत.

"तुम्हाला इथे राहायला यायचंय?" तो म्हणाला. "तेवढं मात्र जमणार नाही. लोक राहायला आले की बेट रिकामं राहत नाही आणि बेट रिकामं नसेल तर आमचा कायदा लागू होत नाही."

"मग नको होऊ दे लागू," तेपाएरू म्हणाली.

"पण लागू झालाय ना. आता बाहेरच्यांना उतरता येत नाही."

"बाहेरचे कोण?"

"तुम्ही. पण कामाला आलात तर हरकत नाही. मजूर म्हणून या, विष्ठा खणा, आपापल्या घरांत झोपा. मजुराचं ते राहणं धरत नाहीत."

"जी नाहीच ती कशी खणायची?"

"ती असणं ही कंपनीची जबाबदारी. तुम्ही फक्त खणायचं."

असं सगळं गाव आपल्याच घरी मजूर म्हणून आलं. झोपड्यांवरच्या जुन्या झावळ्या काढल्या, नव्या घातल्या. पहिल्या आठवड्यातच मारेवाला मुलगी झाली. टटल चौकशीला आला. येताना मोजलेल्या मजुरांत ही नव्हती, मग परवानगीशिवाय ही बेटावर आली कुठून?

"का रे, तुझ्या आईनं तुला सांगितलं नाही वाटतं?" तेपाएरूनं विचारलं.

टटल कानापर्यंत लाल झाला आणि बाळाला तात्पुरती परवानगी देऊन गेला.

पुरुषांनी पांढरा खडा खणायला घेतला. कुदळी बोथटल्या, हातांना फोड आले, पिशव्या रिकाम्याच. जहाज रिकामं नेलं तर कंपनी काय म्हणेल, या काळजीनं कप्तानाला जेवण जाईना. अशाच विवंचनेत फिरत असताना तो तेपाएरूच्या खड्ड्याशी थबकला. आत आपलंच निशाण होतं. निशाणाखाली अळवाची छत्रीएवढी पानं होती आणि पानांखाली ती माती. त्यानं चिमूट घेतली, चोळली, हुंगली. ती काळी होती, मऊ होती आणि तिला वास होता.

"उत्तम प्रत," तो पुटपुटला.

तेपाएरू धावत आली. "ही पाखरांची नाही! आपोरो, सांग त्याला. ही माझ्या आईची आहे. माझ्या आजीची आहे!"

आपोरोच्या इंग्रजीत दोरखंडांची नावं होती, मातीचं नव्हतं. त्यानं जुळवाजुळव केली. "ती म्हणते, हे सगळं तिच्या आईचं आणि आजीचं आहे."

कप्तानानं खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली नजरेनं मोजली. मग हळूच टोपी काढून छातीशी धरली. "फार थोर बायका असल्या पाहिजेत," तो म्हणाला आणि खणायचा हुकूम दिला.

तेपाएरू खड्ड्यात उतरून अळवाला पाठ लावून बसली. तिनं वर काठाशी उभ्या असलेल्या तौमाताकडे पाहिलं.

"दादा, राऊई असताना खणायचं नाही ना? आता बघ. ज्यानं गाठ मारली तोच खणतोय."

 जन्मभर तौमातानं हा कायदा पाळला होता. गाठ मारणाराच कुदळ घेऊन आला तर काय करायचं, हे कधी कुणी त्याला सांगितलंच नव्हतं, कारण तसं कधी घडलंच नव्हतं. तो नुसता हात लोंबते सोडून उभा राहिला. दोन खलाशी बंदुका खांद्याला लावून आले आणि त्यांनी अतिशय अदबीनं, हाताला धरून, तेपाएरूला बाहेर काढलं. कप्तानानं तिला बसायला स्वतःची खुर्ची दिली.

तिचा खड्डा रिता झाला, मग शेजारणीचा, मग सगळ्यांचे. मुळांसकट उपटलेले अळवाचे कंद उन्हात पडले. चार पिढ्यांचा कुजवलेला पाला पोत्यांत शिवून जहाजात गेला. खालचं गोडं पाणी तेवढं उरलं आणि त्यात ढग दिसायला लागले. कप्तानानं जाहीर केलं की तेहुआवरची विष्ठा संपली. कंपनी मजुरांची आभारी आहे आणि आता त्यांनी खुशाल घरी जावं.

"आम्ही घरीच आहोत," आपोरो म्हणाला.

"मग तर प्रश्नच मिटला," कप्तान म्हणाला.

निशाण तेवढं राहिलं. ते कसं लावायचं हे कायद्यात होतं. कसं उतरवायचं, याबद्दल कायदा बोलत नव्हता.

माती नसलेल्या बेटावर गाव किती दिवस काढणार? गाव पुन्हा होड्यांत बसलं आणि रारोकाकडे निघालं. एव्हाना रारोकाची बरीच झोप झाली असेल, अशी बायका एकमेकींची समजूत घालत होत्या. किनारा जवळ आला तसं तेपाएरूनं मांडीवरच्या नातीचे डोळे पदराआड झाकले. रारोकाच्या अळूच्या खड्ड्यात काठी होती, काठीला फडकं होतं आणि किनाऱ्यावर हात वर करून टटल उभा होता.

"थांबा! परवानगी?"

"मेल्या, हे आमचं दुसरं घर!" तेपाएरू ओरडली.

"इथे कोणी नव्हतं," टटल म्हणाला. त्याच्या आवाजात ओशाळेपणा होता, पण कप्तानाचं जहाज मागेच उभं होतं. "सगळे तेहुआवर खणायला गेले होते. आम्ही सकाळपासून बघतोय."

तेपाएरू होडीतून पाण्यात उतरली. तिनं परवानगी मागितली नाही. सरळ चालत जाऊन एक झावळी उचलली, त्या काठीला फडक्याच्या खाली गुंडाळली आणि आजीनं शिकवली होती तशी गच्च गाठ मारली. तौमाता मान खाली घालून बघत राहिला. जहाजावरून दुर्बिणीतून कप्तानानंही ते पाहिलं आणि त्याला भरून आलं. कंपनीला त्यानं कळवलं की इथले लोक आपल्या निशाणाला आपण होऊन हार घालू लागले आहेत. अधिक निशाणं पाठवावीत.

पुढे होडीनं ये-जा करत तेहुआवरच्या रित्या खड्ड्यात तेपाएरूनं पुन्हा पाला टाकायला सुरुवात केली. एक टोपली तिची, एक मारेवाची. माती व्हायला मारेवाच्या मुलीची नातवंडं उजाडणार होती.

तुमच्या घरी नकाशा असेलच. पोरांच्या अभ्यासासाठी भिंतीवर लावलेला. त्यात पॅसिफिकचा तो मोठा निळा भाग शोधा आणि बोट फिरवत तेहुआ-रारोका कुठं दिसतात का बघा. दिसणार नाहीत. मग तुम्ही बोट उचलाल आणि म्हणाल, "इथे तर काहीच नाही."

कप्तान प्रेस्कॉटही होडीतून उतरताना नेमकं हेच म्हणाला होता.